दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांची हगवण : ओवा, लसूण, हळद यांवर किती भरवसा ठेवावा?

प्रश्न : वराहपालक, जांबोटी परिसर (ता. खानापूर, जि. बेळगाव)

सर्वांना नमस्कार. जांबोटीच्या बाजूला आमचे लहानसे वराहपालन आहे. माद्या यॉर्कशायर आणि लँड्रेस यांच्या संकराच्या आहेत आणि तयार होणारी जनावरे बहुतांशी चोर्ला घाटातून गोव्याच्या बाजारात जातात. पिल्ले साधारण पाचव्या आठवड्यात आईपासून तोडतो. तोपर्यंत ती धडधाकट असतात. परंतु दूध तुटल्यानंतर चार-पाच दिवसांत पिवळसर, पाण्यासारखी हगवण सुरू होते, कातडी सुरकुतते, पाठीचा कणा दिसू लागतो, आणि जी जगतात त्यांचीही वाढ पुढे दीड-दोन महिने मागे पडते. पावसाळ्यात हा त्रास अधिक असतो.

पूर्वी एक विक्रेता पिल्लांसाठी औषध मिसळलेले खाद्य देत असे आणि त्यावर हगवण आटोक्यात राहत असे. त्या खाद्यात कोलिस्टिन होते, हे पुढे समजले. माणसांच्या गंभीर जंतुसंसर्गात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले हे प्रतिजैविक असल्यामुळे केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये माणसाच्या खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांमध्ये त्याच्या वापरावर बंदी घातलेली आहे, आणि बंदी नसती तरी ते वापरण्याची माझी आता इच्छा नाही. ज्या मांसावर आपले घर चालते, ते खाणाऱ्याच्या जिवाला आपल्यामुळे अपाय होऊ नये, असे मनापासून वाटते.

आता बाजारात वनस्पतिजन्य पूरक म्हणून निरनिराळ्या पुड्या मिळतात. त्यांवर ओवा, दालचिनी, लवंग, लसूण, हळद अशी नावे असतात. हे सर्व पदार्थ आपल्याच भागात सहज मिळतात, म्हणून ते घरीच वाटून भरड्यात मिसळले तर तोच परिणाम मिळेल का? प्रमाण किती असावे? शिवाय आमच्याकडची जुनी माणसे जनावरांच्या हगवणीवर कुड्याची साल देत. ती पिल्लांना चालते का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त पशुवैद्यक, निपाणी

नमस्कार. आपण प्रश्न नीट मांडला आहे, त्यामुळे उत्तरही थोडे सविस्तर देतो.

दूध तुटते तेव्हा पिल्लाच्या आतड्यात काय घडते, ते आधी पाहावे लागेल. लहान आतड्याच्या अस्तरावर भाताच्या तरव्यासारखे दाट उभे राहिलेले अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि अन्नरस शोषण्याचे काम तेच करतात. आई सुटते, सोबती बदलतात, दुधाऐवजी कोरडा भरडा समोर येतो. अशा वेळी पुष्कळ पिल्ले पहिला संपूर्ण दिवस काहीच खात नाहीत, काही तर दोन दिवस तोंड लावत नाहीत. आतड्याच्या अस्तराला पोषण मुख्यतः आतड्यातून जाणाऱ्या अन्नातूनच मिळत असल्यामुळे या उपासात ते उंचवटे झपाट्याने खुजे होतात. त्यानंतर पिल्लू भुकेने एकदम खाते, ते अन्न पचत नाही, न पचलेले तसेच पुढे सरकते आणि जिवाणूंना आयते खाद्य मिळते. दुसरीकडे, दूध पिताना दुधातील साखरेपासून पोटात तयार होणारे लॅक्टिक आम्ल आता बंद झालेले असते आणि पिल्लाचे स्वतःचे जठराम्ल अजून पुरेसे पाझरत नाही. जठरातील आंबटपणा हा जंतूंना अडवणारा पहिला पहारा. तोच ढिला पडतो. याच सुमारास आईच्या दुधातून मिळणारे रोगप्रतिकारक घटकही थांबतात.

अशा आतड्यात ई. कोलाय जिवाणूचे काही विशिष्ट प्रकार अस्तराला चिकटतात आणि विष सोडतात. त्या विषामुळे शरीरातले पाणी आणि क्षार आतड्यात ओढले जातात. आपण वर्णन केलेली पाण्यासारखी हगवण बहुधा याच प्रकारची असावी. मात्र शेणाची तपासणी झाल्याशिवाय हे निश्चित मानू नये. हगवणीत रक्त किंवा शेंब दिसत असेल, ताप असेल, कानांवर व पोटावर जांभळे डाग येत असतील, किंवा मोठी जनावरेही आजारी पडत असतील, तर ते दुखणे वेगळे आहे आणि तेथे ओवा-हळदीचा विचारही करू नये. स्वाइन फीव्हरसारख्या (डुकरांचा जीवघेणा साथीचा ताप) रोगात वाया गेलेला एकेक दिवस महाग पडतो.

आता वनस्पतींविषयी. ओव्यातील थायमॉल, ओरेगानोतील कार्व्हॅक्रॉल, दालचिनीतील सिनॅमल्डिहाइड आणि लवंगेतील युजेनॉल ही तैलद्रव्ये जिवाणूंच्या बाह्य पडद्याला भेगा पाडतात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत हे स्पष्ट दिसते. परंतु पिल्लाचे पोट म्हणजे काचेची बशी नव्हे. ही द्रव्ये मोकळ्या स्वरूपात खाऊ घातली तर ती जवळजवळ सगळीच जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच रक्तात शोषली जातात, आणि जेथे जंतू ठाण मांडून बसलेले असतात त्या पुढच्या भागात फारच थोडी पोहोचतात. तयार पुडी आणि घरचा वाटलेला ओवा यांतला खरा फरक येथे आहे. चांगल्या उत्पादनात तेलाचे थेंब घट्ट चरबीच्या आवरणात बंद केलेले असतात. ते आवरण लहान आतड्यात चरबी पचवणाऱ्या पाचकरसाने हळूहळू विरघळते आणि द्रव्य पुढेपर्यंत सुटत राहते.

तरीही घरचा ओवा अगदी निरर्थक आहे, असे मी म्हणणार नाही. साधा हिशेब करून पाहू. शंभर किलो भरड्यात एक किलो ओवा मिसळला तर प्रत्येक किलो खाद्यात दहा ग्रॅम ओवा येतो. ओव्यात सुगंधी तेल सामान्यतः दोन ते चार टक्के असते; तीन टक्के धरले तर ते ३०० मिलिग्रॅम झाले, आणि त्यातील सुमारे निम्मे थायमॉल धरले तर किलोमागे १५० मिलिग्रॅम. म्हणजे प्रमाण नगण्य नाही. परंतु ओवा जुना असेल, आधीच दळून ठेवलेला असेल किंवा पोत्यात उघडा पडलेला असेल, तर तेल उडून गेलेले असते आणि हा सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून तो ताजा, हवाबंद डब्यात ठेवलेला घ्यावा आणि खाद्य मिसळण्याच्या दिवशीच भरडावा. प्रमाण याहून वाढवू नये, कारण उग्र वासाने पिल्ले खाणे कमी करतात, आणि दूध तुटल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात खाणे कमी होणे हेच मूळ दुखणे आहे.

लसणाविषयी एक बारकावा आहे. त्यातील ॲलिसिन हे द्रव्य पाकळीत तयार नसते. पाकळी ठेचल्यावर तिच्यातील विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेने ते बनते. लसूण आधी उकळला तर ते विकर नष्ट होते आणि हाती केवळ वास उरतो. लसूण अति प्रमाणात, दीर्घकाळ दिल्यास रक्तातील तांबड्या पेशींना इजा होऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

हळदीचे आणि मिरचीचे काम वेगळ्या वाटेने होते असे दिसते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी दूध तोडलेल्या पिल्लांना मुद्दाम ई. कोलायचा संसर्ग देऊन मिरची, लसूण आणि हळद यांचे अर्क स्वतंत्रपणे खाद्यातून दिले होते. ते काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्काचे प्रमाण किलोमागे अवघे दहा मिलिग्रॅम होते, तरी अर्क मिळालेल्या पिल्लांत हगवण कमी झाली आणि दाहही कमी आढळला. इतक्या अल्प मात्रेने जंतू मरत नाहीत. याचा अर्थ असा की, हे अर्क शरीराच्या प्रतिसादाला वळण लावतात, दाह आवरतात आणि आतड्याच्या अस्तराला सावरतात. आपल्याकडे संकेश्वरी मिरची आहे, गोकाक-रायबागकडे हळद पिकते. परंतु मिरचीची पूड ओंजळीने घातली म्हणजे अधिक गुण येईल, असे या प्रयोगावरून मुळीच निघत नाही. उलट डुकराला तिखट आपल्यासारखेच झोंबते. हळद वापरायची असेल तर शेतकऱ्याकडची अख्खी हळकुंडे घेऊन स्वतः दळावीत, कारण रंग आणलेल्या सुट्या पुडीत शिशाची भेसळ असू शकते.

माझे मत थोडक्यात असे आहे की, वनस्पतिजन्य पूरक हे चांगल्या व्यवस्थेला दिलेला आधार आहेत. बिघडलेल्या व्यवस्थेवरचे औषध नव्हेत. स्वीडनने १९८६ मध्ये जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यातून दिली जाणारी प्रतिजैविके बंद केली, डेन्मार्कने २००० पर्यंत आणि संपूर्ण युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. डेन्मार्कमध्ये त्यानंतर लहान पिल्लांच्या हगवणीवरील उपचारांसाठी लागणारी औषधे काही काळ वाढली होती. म्हणून आपण नुसते औषध काढून त्या जागी ओवा घालू नये. आपल्या शेडची उष्णता, खाद्यातील प्रथिने आणि पाणी यांविषयी अधिक लिहावे.

उत्तर : महिला वराहपालक, नंदगड (ता. खानापूर)

डॉक्टरसाहेबांनी शास्त्र समजावले आहे, मी आपल्या भागापुरते लिहिते. दादा, आपण भरड्यात भाताचा कोंडा घालता का? खानापुरात तो स्वस्त मिळतो, म्हणून बहुतेक जण घालतात. गिरणीतून आलेला ताजा कोंडा चांगला असतो. पण त्यात तेल भरपूर असते आणि पावसाळी दमट हवेत थोड्याच दिवसांत त्याला खवट वास येऊ लागतो. मोठ्या डुकरांना तो एक वेळ पचेल, नुकत्याच तोडलेल्या पिल्लांना पचत नाही. आम्ही लहान पिल्लांच्या खाद्यातून कोंडा पूर्णपणे काढला आणि पहिले दोन आठवडे तांदळाची कणी मऊ शिजवून, कोमट असतानाच भरड्यात कालवून थोडी थोडी, दिवसातून पाच-सहा वेळा द्यायला सुरुवात केली. उरलेले अन्न तासाभराने उचलून टाकतो, कारण ते आंबून त्यावर माश्या बसतात. शिजवलेला तांदूळ पिल्लाला सहज पचतो आणि जंतूंसाठी मागे फारसे काही उरत नाही.

दुसरे म्हणजे थंडी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जमीन कधी कोरडी होत नाही. तोडलेल्या पिल्लांना निजण्याच्या जागी सुमारे २८ अंश ऊब लागते. ओल्या सिमेंटवर निजणाऱ्या पिल्लाला कोणत्याही पुडीचा उपयोग होणार नाही. एका कोपऱ्यात लाकडी फळ्या, त्यावर कोरडे भाताचे पिंजर आणि वरून टांगलेला उबेचा दिवा एवढे केले तरी पुरते. पिल्ले एकमेकांवर चढून निजत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, असे समजावे. पिंजराला बुरशीचा वास येत असेल तर ते वापरू नये, आणि मका घेतानाही काळ्या डोळ्याचे, बुरशी धरलेले दाणे असलेले पोते परत करावे. बुरशीचे विष आतड्यालाच आधी मारते.

आणि हॉटेलचे उष्टे पिल्लांना अजिबात घालू नये. मोठ्या जनावरांना घालत असाल तर ते किमान अर्धा तास खळखळ उकळलेले असावे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० पासून देशात आलेला आहे, आणि तो कच्च्या मांसाच्या तुकड्यांतूनही पसरतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

डॉक्टरसाहेब आणि ताई, आपण दोघांनी इतक्या आत्मीयतेने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. होय, भरड्यात कोंडा आहे, आणि तो महिन्याचा एकदम भरून ठेवतो. प्रथिनांसाठी सोयाबीन पेंड आणि मासळीची कुटी, शिवाय हाडे मजबूत व्हावीत म्हणून चुनखडीची पूड जरा सढळ हाताने घालतो. हे तिन्ही बदलावे लागेल का? आणखी एक अडचण अशी की, काही वेतांना काहीही न करता हगवण लागत नाही, मग ओव्याने गुण आला की तो योगायोग होता, हे कसे ओळखावे?

उत्तर : पशुआहाराचा अभ्यासक, चिकोडी

आपला शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. या विषयावरील प्रसिद्ध प्रयोगांचे निष्कर्षही एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत. स्वच्छ, उबदार शेडमध्ये पूरकांचा फरक जवळजवळ दिसत नाही आणि जंतूंचा भार असलेल्या ठिकाणी तो दिसतो. म्हणून आपल्या शेडचे उत्तर आपल्या शेडमध्येच शोधावे लागते.

त्यासाठी एका वेताला ओवा आणि दुसऱ्याला नाही, अशी तुलना करू नये, कारण दोन माद्यांचे दूध आणि पिल्लांची जोम सारखी नसते. प्रत्येक वेतातील पिल्ले तोडण्याच्या दिवशी वजन करून सारख्या वजनाच्या जोड्या लावाव्यात आणि प्रत्येक जोडीतील एक पिल्लू एका कप्प्यात, दुसरे शेजारच्या कप्प्यात ठेवावे; कोणते कोठे जाईल हे चिठ्ठी टाकून ठरवावे. दोन्ही कप्प्यांना ऊब, पाणी, जागा आणि मूळ भरडा अगदी सारखा असावा. फरक केवळ पूरकाचा. रोज सकाळी एकाच माणसाने शेण पाहून घट्ट, मऊ, पातळ आणि पाण्यासारखे अशी नोंद करावी, शक्य असल्यास त्या माणसाला कोणत्या कप्प्यात काय चालू आहे ते सांगू नये. दोन आठवड्यांनी पुन्हा वजन घ्यावे आणि कप्पे आलटून पालटून पुढच्या वेतांवर हेच करावे. एका वेतावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. पावसाळ्यातील आणि उन्हाळ्यातील अशा अनेक वेतांत एकाच बाजूला कल दिसला, तरच त्या पूरकावर पैसे खर्च करावेत.

आता चुनखडीविषयी, कारण तेथे आपले नुकसान नकळत होत असावे असे मला वाटते. चुनखडी आम्ल शोषून घेते. पिल्लाच्या पोटात आधीच आम्ल कमी, त्यात सढळ हाताने चुनखडी गेली की उरलेला आंबटपणाही निवतो आणि जंतूंना वाट मोकळी होते. मासळीची कुटी आणि खनिज मिश्रण यांतूनही कॅल्शियम येतच असते. म्हणून तोडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे वेगळी चुनखडी घालणे थांबवावे. एवढ्या अल्प काळात हाडांचे काही बिघडत नाही. त्याच वेळी खाद्यात सायट्रिक किंवा फ्युमॅरिक आम्ल अर्धा ते एक टक्का मिसळावे. घरी ताजे ताक असेल तर भरडा त्यात कालवावा. आम्ल आणि वनस्पतितेले यांची जोडी एकेकट्यापेक्षा बरी ठरते, असा पुष्कळ ठिकाणचा अनुभव आहे, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे : आम्ल जठरात काम करते, आवरणातील तेल पुढे आतड्यात.

प्रथिनांच्या बाबतीत अधिक म्हणजे चांगले, हा समज सोडावा लागेल. न पचलेले प्रथिन मोठ्या आतड्यात सडते आणि त्यातून अमोनियासारखी त्रासदायक द्रव्ये तयार होतात. तोडलेल्या पिल्लांसाठी २२ टक्क्यांऐवजी सुमारे १८ टक्के प्रथिन ठेवून लायसिन, मेथिओनिन आणि थ्रिओनिन ही अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) वेगळी घातली, तर वाढ फारशी न घटता हगवण कमी होते. सोयाबीन पेंड कारखान्यात नीट भाजलेलीच असावी. घरचे कच्चे सोयाबीन दळून घालणे पिल्लांसाठी घातक आहे, कारण त्यातील घटक पचनाला अडवतात. त्यासोबत पिल्ले दहा दिवसांची झाली की आईच्या कप्प्यातच, तिचे तोंड पोहोचणार नाही अशा ठिकाणी, हाच भरडा चिमूटभर ठेवण्यास सुरुवात करावी. तोडण्याच्या दिवशी खाद्य ओळखीचे असेल तर तो पहिला उपास टळतो.

तयार पुडी घेणार असाल तर पाकिटावर केवळ वनस्पतींची नावे नकोत, सक्रिय द्रव्याचे किलोमागील प्रमाण आणि आवरण आहे की नाही, हे लिहिलेले पाहावे. ते लिहिलेले नसेल आणि विक्रेताही सांगू शकत नसेल, तर ती पुडी घेऊ नये. कोणी झिंक ऑक्साइडची शिफारस केली, तर तेही विचारपूर्वक घ्यावे : टनामागे अडीच-तीन किलोची ती औषधी मात्रा हगवण थांबवते हे खरे, परंतु जवळजवळ सगळे जस्त शेणातून शेतात उतरते. युरोपीय संघाने जून २०२२ पासून ही मात्रा बंद केली आहे. आपले शेणखत भाताच्या खाचरात जाते, हे विसरू नये.

उत्तर : निवृत्त पशुवैद्यक, निपाणी

चिकोडीच्या सदस्यांनी चुनखडीचा मुद्दा बरोबर पकडला. मी सर्वप्रथम तोच बदल करायला सांगेन, मग खवट कोंडा, मग निजण्याची जागा, ओवा त्यानंतर.

कुड्याचे राहिले होते. पांढऱ्या कुड्याची साल अतिसारावर आपल्या वैद्यकात पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते आणि तिच्यातील क्षारतत्त्वांना औषधी गुण आहेत. परंतु ती अत्यंत कडू असते, खाद्यात घातली की पिल्ले तोंड फिरवतात, आणि एवढ्याशा पिल्लासाठी तिची सुरक्षित मात्रा ठरलेली नाही. काळा कुडा हे निराळे झाड असून साल सोलून आणणाऱ्याकडून गफलत होऊ शकते. खानापूरच्या जंगलात काजऱ्यासारखी जीवघेणी झाडेही आहेत. पिल्लांना साल देऊ नये, असेच मी सांगेन.

हगवण लागलीच, तर पहिले काम पाण्याचे आहे. माणसांसाठी मिळणारी ओआरएसची पुडी, पाकिटावर सांगितले असेल तितक्याच स्वच्छ पाण्यात विरघळवून, उथळ भांड्यात दिवसभर समोर ठेवावी आणि शेजारी साधे पाणीही ठेवावे. मीठ-साखर अंदाजाने मिसळू नये, कारण मीठ जास्त झाले तर डुकराला विषबाधा होते. त्या दिवशी भरडा निम्मा करावा, पूर्ण बंद करू नये. पिल्लू उठत नसेल, डोळे खोल गेले असतील किंवा एका दिवसात दुसऱ्या-तिसऱ्या पिल्लालाही लागण झाली, तर उपचार सुरू करण्यापूर्वी ताज्या हगवणीचा नमुना स्वच्छ बाटलीत, बर्फावर ठेवून, जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा आणि कोणते औषध त्या जंतूवर लागू पडते याची चाचणी करून मागावी. नमुना औषध देण्याआधीचाच हवा. नंतरच्या नमुन्यात अनेकदा जंतू वाढत नाही आणि तपासणी फुकट जाते.